सोसण्याची साक्ष

'स्मृतिचित्रे' शिकवू लागलो की वर्ग हसतो, आणि दरवर्षी त्याच जागांवर आम्हीही हसतो. मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या वर्गात फर्नांडिस, डिसोजा अशा आडनावांची मुलेही असतात. त्यांतल्या एकीने मध्यंतरी विचारले, "सर, एवढे सोसून ह्या बाईंना कुणाचा राग कसा येत नाही?" प्रश्न आम्ही पुढच्या तासावर ढकलला. तास संपत आला होता हे निमित्त. उत्तर तयार नव्हते हे खरे.

'ख्रिस्ती क्षमाशीलता' हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते संशयास्पद वाटते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. ताटातुटीचा सर्वांत दारुण काळ त्यांनी सोवळे पाळणारी ब्राह्मण स्त्री म्हणून, नातलगांच्या आश्रयाने काढला. धर्मांतर नवऱ्याचे, बोल मात्र हिच्या वाट्याला. आणि राग नाही असे तरी कसे म्हणावे? टिळकांचा तापटपणा, लहरीपणा, संसाराविषयीची बेफिकिरी, काहीही त्या झाकत नाहीत. चर्चने ज्याला संतकवी मानले, त्याला पत्नीच्या लेखणीने माणूसच राहू दिले. उलट, ज्या आप्तांना हे धर्मांतर अनर्थ वाटले तेही ह्या पुस्तकात खलपुरुष होत नाहीत. बोलणारी तोंडे आणि सांभाळणारे हात पुष्कळदा एकाच माणसाचे होते, हे त्या विसरत नाहीत.

आमच्या मते ख्रिस्ती माणसाने छळाला द्यावयाचे उत्तर ह्या निवेदनात आहे, प्रवचनांत नाही. प्रवचनांतून बहुधा मुकाट सोसण्याचा महिमा ऐकू येतो. क्षमा म्हणजे मौन नव्हे. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. पण कायद्याने आपले काम करावे, असेही म्हटले. त्यानंतर काही वर्षे त्या तिथेच कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या.

ह्याहून अवघड कसोटी आमच्या किनाऱ्यावरच आहे. सिंधुदुर्गातील अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गोव्यातून आले. कुणाला लढायांनी हुसकावले, कुणाला करांनी, कुणाला इन्क्विझिशनच्या धास्तीने. १५६० साली सुरू झालेले ते न्यायासन मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. १७३६ च्या त्याच्या फर्मानाने दारी तुळस लावणे आणि लग्नात परंपरेची गाणी म्हणणे ह्यांवरही बंदी घातली. म्हणजे इथे छळणाऱ्याच्या आणि छळलेल्याच्या गळ्यात क्रूस एकच होता. आज देशात कुठे प्रार्थनास्थळावर दगड पडले की व्यथित होणाऱ्या आमच्या ख्रिस्ती मित्रांनी हाही इतिहास तितक्याच मोकळेपणाने सांगावा, अशी आमची अपेक्षा आहे. (बहुसंख्याकांत जन्मलेल्यांनी ही अपेक्षा करणे फार सोपे, ह्याची जाणीव आम्हांस आहे, आपल्या जातीने टिळक दांपत्याला कसे वागवले, हे आम्ही तरी वर्गात किती स्पष्ट सांगतो?)

पुढच्या तासाला त्या मुलीला आम्ही उत्तर दिले नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरची प्रकरणे पुन्हा वाचावयास सांगितली, आणि वाचताना हसू जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करावयास.