दिलेली पोच खरी ठरावी

(कॅसँड्रा डेटाबेस सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे मागणीपत्र)

प्रति,
कॅसँड्रा वापरणाऱ्या कंपन्यांचे संचालक व तंत्रज्ञानप्रमुख,
आणि अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या कॅसँड्रा प्रकल्पाची व्यवस्थापन समिती

विषय : बगदुरुस्ती व विश्वासार्हतेसाठी माणसे, वेळ आणि पैसा राखून ठेवण्याबाबत



आम्ही डेटाबेस सांभाळणारी माणसे आहोत. बहुतेक जण पुण्या-मुंबईत, काही बंगळूर-हैदराबादेत, थोडे परदेशात. कुणी विमा कंपनीत आहे, कुणी ऑनलाइन दुकानात, कुणी मोबाइलच्या बिलिंगमध्ये. आमच्या उशाशी ऑन-कॉलचा फोन असतो आणि तो वाजला की घरातल्या सगळ्यांची झोप मोडते. तरीही हे मागणीपत्र पगारवाढीचे नाही. ज्या यंत्रणेच्या नावाने आम्ही लोकांना ‘तुमची नोंद झाली’ असे सांगतो, तिच्याविषयीचे ते आहे.

ग्राहक पैसे भरतो, पत्ता बदलतो किंवा खाते बंद करतो आणि पडद्यावर ‘नोंद झाली’ अशी अक्षरे उमटतात. ही पोच आहे. पोस्टाच्या खिडकीवरची शिक्क्याची पावती माणूस जितक्या भरवशाने खिशात ठेवतो, तितक्याच भरवशाने तो ही अक्षरे वाचून फोन बाजूला ठेवतो. आमची मूळ मागणी एकच आहे : पोच दिली असेल तर नोंद सापडली पाहिजे, आणि पुसल्याची पोच दिली असेल तर ती पुसलेलीच राहिली पाहिजे. पुढचे सगळे यातूनच निघते.

कॅसँड्रा फेसबुकमध्ये जन्मला, २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०१० पासून अपाचीचा स्वतंत्र प्रकल्प आहे. त्यात मालक यंत्र नाही. प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती तीन यंत्रांवर राहतात. तिघांपैकी दोघांनी होकार दिला की बहुमत झाले. एक यंत्र मध्यरात्री बंद पडले तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही. ही रचना आम्हाला मनापासून आवडते. वर्षानुवर्षे तिच्यासोबत रात्री काढल्यामुळेच ती कुठे ठिसूळ आहे हे आम्हाला सांगता येते.

पहिली मागणी कंपन्यांकडे आहे. आपली पोच नेमके काय सांगते, ते प्रत्येक कंपनीने लिहून काढावे आणि त्यावर संचालकांची सही असावी. उदाहरण देतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये कॅसँड्रा दर दहा सेकंदांनी कमिट लॉग, म्हणजे आलेल्या बदलांची वही, डिस्कवर पक्का करतो, पण होकार त्याआधीच देतो. एका यंत्राची वीज गेली तर बाकीच्या दोन प्रती सावरून घेतात. तिन्ही प्रती एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर असतील आणि सगळी खोलीच अंधारात गेली, तर शेवटच्या काही सेकंदांतल्या पोच दिलेल्या नोंदी कुठेच उरणार नाहीत. हा बग नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ते उघड लिहिलेले आहे आणि वेग वाढवण्यासाठी केलेली ती जाणीवपूर्वक तडजोड आहे. पण हप्ता भरल्याची नोंद आणि ‘हा व्हिडिओ पाहिला’ ही नोंद एकाच तडजोडीवर चालवायची का, हे ठरवणे रात्रपाळीच्या इंजिनिअरचे काम नाही. आज ते त्याच्यावर पडते, कारण वरच्या कुणी विचारलेलेच नसते.

दुसरी मागणी रिपेअरची. ही आमची सगळ्यात जुनी तक्रार आहे, म्हणून ती सविस्तर मांडतो.

कॅसँड्रात एखादी नोंद पुसली की ती लगेच नाहीशी होत नाही. ‘ही पुसली आहे’ असे सांगणारी खूण, म्हणजे टूमस्टोन, तिच्या जागी ठेवली जाते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ही खूण दहा दिवस जपली जाते आणि त्यानंतर तीही साफ होऊ शकते. पुसताना तीनपैकी एक यंत्र बंद असेल तर त्याला ती बातमी कळत नाही. बाकीची यंत्रे त्याचा निरोप राखून ठेवतात, पण तोही फक्त तीन तासांपर्यंतचा. यंत्र त्याहून जास्त वेळ बंद राहिले तर नंतरचे चुकलेले निरोप पक्केपणी पोहोचवण्याचा मार्ग एकच : तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहणे. त्यालाच आम्ही रिपेअर म्हणतो. दहा दिवसांच्या आत रिपेअर झाला नाही, तर दोन यंत्रांवरची खूण निघून जाते, तिसऱ्यावरची जुनी प्रत तेवढी शिल्लक राहते आणि पुढे तीच खरी समजून सगळीकडे पसरते. पुसलेले परत जिवंत होते.

आमच्या एका सभासदाच्या कंपनीत दिवाळीच्या विक्रीच्या काळात रिपेअर बंद ठेवायला सांगितले गेले. रिपेअरमुळे यंत्रांवर भार येतो, पाने उघडायला उशीर होतो, हे कारण खोटे नव्हते. त्याच आठवड्यात एक यंत्र रात्रभर बंद होते. त्या रात्री एका मुलीने नुकत्याच वारलेल्या वडिलांचे खाते बंद करून त्यांचा नंबर काढून टाकला होता आणि तिला तशी पोचही मिळाली होती. दीड महिन्याने वडिलांच्या वाढदिवसाला त्यांच्या नावाने शुभेच्छांचा संदेश आला. वडिलांचा फोन आता तिच्याजवळ होता. तिच्या तक्रारीला उत्तर लिहिण्याचे काम आमच्या सभासदाकडे आले. ‘सिस्टिमची तांत्रिक अडचण’ असे लिहून पाठवा, असे वरून सांगण्यात आले. त्याला माहीत होते की अडचण सिस्टिमची नव्हती. त्याने तीन वेळा लेखी विचारले होते की रिपेअर कधी सुरू करू.

म्हणून रिपेअर थांबवण्याचा अधिकार विक्री विभागाला नसावा. खूण जपण्याच्या मुदतीत रिपेअर पूर्ण होणार नसेल, तर थांबवणाऱ्याने स्वतःच्या नावाने लेखी आदेश द्यावा आणि ती मुदत आधी वाढवून घ्यावी. भार पेलत नसेल तर यंत्रे वाढवावीत.

तिसरी मागणी दोघांकडेही आहे : चुका हाताळणाऱ्या कोडची चाचणी. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच प्रणालींतले १९८ बिघाड एकेक करून तपासले. त्यांपैकी ज्या बिघाडांनी सगळे किंवा बहुतेक ग्राहक अडवून धरले, त्यांतल्या ९२ टक्क्यांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली : प्रणालीने स्वतःच ‘काहीतरी चुकले’ असे सांगितले होते, पण ते ऐकून पुढे काय करायचे ते कोडमध्ये चुकीचे लिहिले होते. कुठे ती जागा रिकामीच सोडलेली, कुठे नुसती लॉगमध्ये एक ओळ टाकून पुढे गेलेले, कुठे ‘हे नंतर करायचे’ असा शेरा. याच अभ्यासातले दुसरे दोन आकडे आम्ही मुद्दाम पुढे ठेवतो. ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी यंत्रांवर पुन्हा घडवता येत होते, आणि ७७ टक्के तर साध्या युनिट टेस्टने.

‘एवढ्या मोठ्या क्लस्टरची चाचणी करायला आमच्याकडे शंभर यंत्रे कुठे आहेत?’ हे उत्तर आम्ही बैठकांमध्ये नेहमी ऐकतो. शंभर लागत नाहीत. तीन पुरतात. ती तीन यंत्रे आणि महिन्यातले काही दिवस प्रत्येक संघाला मिळावेत, एवढेच आमचे मागणे आहे. यंत्र मध्येच बंद करा, तारा तोडा, एकाचे घड्याळ पुढे करा, डिस्क भरू द्या. घड्याळाचे विशेष लक्षात घ्यावे, कारण एकाच नोंदीवर दोन बदल आले की कॅसँड्रा ज्याचा वेळशिक्का नंतरचा तो खरा धरतो. घड्याळ चुकले तर नंतर केलेला बदल आधीचा ठरतो आणि मुकाट्याने हरवतो.

अशा चाचणीने काय हाती लागते, हे उघड आहे. काइल किंग्सबरी यांनी जेप्सन या आपल्या साधनाने २०१३ मध्ये कॅसँड्राचे नवेच आलेले लाइटवेट ट्रान्झॅक्शन, म्हणजे अट पाळली गेली तरच नोंद करणारी सोय, तपासले. पोच मिळालेल्या काही नोंदी गहाळ झालेल्या दिसल्या. बग कळला म्हणून दुरुस्त झाला. फाउंडेशनडीबी या दुसऱ्या डेटाबेसच्या कर्त्यांनी तर सगळे क्लस्टर एकाच प्रोसेसमध्ये बसवणारा सिम्युलेटर उभा केला. त्यात बिघाड सापडला की तोच बिघाड त्याच क्रमाने हवा तितक्या वेळा घडवून पाहता येतो. बग पकडणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. एकदाच दिसून परत न दिसणाऱ्या बगामागे आमचे आठवडे गेले आहेत. कॅसँड्रातही आता असा सिम्युलेटर आहे, आणि यादृच्छिक नोंदी तयार करून उत्तर ताडून पाहणारे हॅरी हे साधनही. प्रत्येक रिलीजपूर्वी ती पूर्ण चालावीत आणि त्यांचा निकाल सामान्य वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत रिलीजसोबत यावा, ही समितीला विनंती.

चौथी मागणी समितीकडे : नव्या सोयींपेक्षा दुरुस्तीला आधी जागा द्यावी, आणि कच्च्या सोयीवर पहिल्या दिवसापासून ‘प्रायोगिक’ असा शिक्का असावा. २०१५ च्या अखेरीपासून काही काळ दर महिन्याला नवी आवृत्ती देण्याचा प्रयोग झाला आणि पुढे तो सोडून द्यावा लागला. मटेरिअलाइझ्ड व्ह्यू ही सोय ३.० मध्ये आली. लोकांनी तिच्यावर आपली कामे उभारली, मग ती प्रायोगिक असल्याचे जाहीर झाले आणि ४.० मध्ये ती मुळातच बंद स्थितीत येऊ लागली. ज्यांनी ती वापरली होती त्यांच्यापैकी काहींना आपली टेबले पुन्हा रचावी लागली. याच समितीने नंतर उलट वाटही दाखवली, आणि त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. सप्टेंबर २०१८ मध्ये नव्या सोयी घेणे थांबवले, हजारांहून अधिक बग दुरुस्त केले आणि जुलै २०२१ मध्ये ४.० दिली. जवळजवळ तीन वर्षे थांबायला धीर लागतो. पण मुळात तीन वर्षांचे काम साचू देऊ नये, दरवर्षी दुरुस्तीसाठी ठरावीक महिने राखून ठेवावेत, असे आमचे मत आहे.

आता पैशाचे. ‘फुकट मिळालेल्या वस्तूला हमी कसली?’ असे आम्हाला विचारले जाते. बरोबर आहे. अपाची परवान्यात स्पष्ट लिहिले आहे की वस्तू आहे तशी दिली आहे, हमी नाही. कोड लिहिणारे कुणाचे देणे लागत नाहीत. पण ग्राहकाकडून पैसे घेऊन त्याला पोच देते ती कंपनी, आणि देणे लागते तीही कंपनीच. २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड हा बग सापडला, तेव्हा जगाला कळले की अर्धे इंटरनेट ज्याच्या कुलपावर विसंबले होते त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. मोठ्या कंपन्यांनी पैसे पुढे केले ते त्यानंतर.

म्हणून पाचवी मागणी. डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येक संघातल्या कामाच्या वेळेचा दहावा हिस्सा मूळ प्रकल्पातल्या बगदुरुस्तीला, चाचण्यांना आणि दुसऱ्यांचे पॅच तपासायला द्यावा. पॅच तपासणे यात मुद्दाम घातले आहे. लिहायला उत्साही माणसे मिळतात, पण दुसऱ्याचे तीनशे ओळींचे कोड शांतपणे वाचून त्यातली खोट दाखवणारी फार थोडी असतात, आणि खरी टंचाई त्यांचीच आहे. त्याबरोबर नोकरीच्या करारातले ‘लिहिलेले सर्व कोड कंपनीचे’ हे कलमही बदलावे. या कलमामुळे आमच्यातल्या कित्येकांना फाउंडेशनच्या योगदान-करारावर सही करता येत नाही. दुरुस्ती कंपनीच्या खासगी प्रतीत पडून राहते आणि पुढच्या अपग्रेडला तीच गळ्यात येते.

समितीने आपल्या बाजूने बग कळवणाऱ्यालाही पोच द्यावी. दुरुस्ती लगेच होईल अशी कुणाचीच अपेक्षा नाही. पण लॉग, सेटिंग आणि बिघाड पुन्हा घडवायच्या पायऱ्या असे सगळे जोडून पाठवलेल्या टिकेटवर दोन आठवड्यांत एका माणसाचे उत्तर यावे : वाचले, समजले, किंवा अमुक माहिती कमी आहे. समितीतले बरेच जण स्वतःच्या वेळेतून काम करतात याची आम्हाला जाणीव आहे. पाचव्या मागणीतले तास याच कामी यावेत.

सहावी मागणी बिघाडाच्या अहवालांची आणि झोपेची. त्या दोन्ही एकत्र ठेवल्या आहेत, कारण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करत असलेल्या एका इंजिनिअरकडून भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअप कामाला आले नाहीत आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तशाच गिटहबचे नेटवर्क ४३ सेकंद तुटले आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. दोन्हीकडचे डेटाबेस कॅसँड्राहून वेगळे होते. पण दोन्ही कंपन्यांनी काय घडले ते मिनिटामिनिटाने जाहीर केले आणि आम्ही सगळे त्यातून शिकलो. आमच्याकडे अहवाल कपाटात जातो आणि ‘मानवी चूक’ या शेऱ्यासह कुणाच्या तरी मूल्यांकनात उमटतो. मोठ्या बिघाडाचा अहवाल ग्राहकांची माहिती वगळून तीस दिवसांत जाहीर व्हावा. त्यात माणसाचे नाव नसावे, पण तो किती तास जागा होता ते असावे. रात्री दोन तासांहून अधिक काम पडले तर दुसरा दिवस भरपगारी सुटीचा असावा, आणि सलग दोन आठवडे एकाच्याच उशाशी फोन नसावा.

आमच्या बाजूने आम्ही पुढील गोष्टी करू. आमच्या हाती लागलेला प्रत्येक बग पुन्हा घडवायच्या पायऱ्यांसह कळवू. अर्धवट टिकेट पाठवणार नाही. रिपेअर, घड्याळे आणि बॅकअप परत उभा करण्याचा सराव यांची मराठी मार्गदर्शिका तयार करून कॉलेजमधून नुकत्याच आलेल्या मुलामुलींना देऊ. आणि महिन्यातला एक शनिवार, कंपनीने वेळ दिला तर कंपनीचा, न दिला तर आमचा, प्रलंबित पॅच तपासायला बसू. पहिल्या बैठकीसाठी सतरा जणांनी नावे दिली आहेत.

हे पत्र मिळाल्याची पोच पंधरा दिवसांत आणि प्रत्येक मागणीवरचे लेखी उत्तर साठ दिवसांत मिळावे. एखादी मागणी मान्य नसेल तर कारण लिहावे. त्यावर चर्चेला आम्ही केव्हाही येऊ, फक्त रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडून.

आपले,
संघटनेची कार्यकारिणी व सर्व सभासद