खालच्या पायरीवरचा गुरू

हिवाळा सुरू झाला की आपल्या बहारीनमध्ये शुक्रवारची सकाळ क्रिकेटची असते. वाळूच्या मैदानावर मॅट अंथरली जाते, गाड्यांच्या डिक्यांतून स्टंप निघतात आणि थर्मासमधला चहा पीत पालक कडेला उभे राहतात. गेल्या मोसमात ओळखीतल्या मुलांचा एक संघ लागोपाठ चार सामने हरला. पाचव्या शुक्रवारी कुजबुज सुरू झाली, सहाव्या शुक्रवारी सभा भरली आणि ठराव झाला : प्रशिक्षक बदला!

हे गृहस्थ दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मुलांना शिकवीत. संघ का हरतो, हे सभेत कोणी विचारले नाही. संघातली दोन उत्तम मुले त्याच सुमारास पुढच्या शिक्षणासाठी भारतात गेली होती. त्यांना तयार कोणी केले होते? याच गृहस्थांनी. म्हणजे काम चांगले केले म्हणून संघ दुबळा झाला आणि संघ दुबळा झाला म्हणून त्यांना नारळ मिळाला! त्या सभेत मीही होतो आणि गप्प बसलो होतो. ती चुटपुट मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

खालच्या पायरीवर शिकवणाऱ्याचे हे दुखणे जगभर सारखेच आहे. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीची 'अमेरिकन हॉकी लीग' 1936 सालापासून चालू आहे. तिच्यातला प्रत्येक संघ वरच्या 'नॅशनल हॉकी लीग'मधल्या एका बड्या संघाशी बांधलेला असतो. वर कोणी जायबंदी झाला की खालचा चांगला खेळाडू उचलायचा. उद्याच्या सामन्याची आखणी एका रात्रीत कोलमडते, पण खालच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने तक्रार करायची नसते. खेळाडू वर पाठवणे हेच त्याचे काम.

जॉन कूपर हे मूळचे वकील. त्यांच्या नॉरफोक संघाने 2012 साली लागोपाठ 28 सामने जिंकून या खालच्या लीगचे विजेतेपद मिळवले. 2013 मध्ये ते वरच्या टँपा बे संघाचे प्रशिक्षक झाले आणि 2020 व 2021 अशी दोन वर्षे स्टॅन्ली कप त्यांनी जिंकून दिला. त्या विजयी संघात ओंद्रेई पालाट आणि टायलर जॉन्सन होते. हे दोघे नॉरफोकला त्यांच्याच हाताखाली खेळलेले!

बर्फावरची गोष्ट दूरची वाटत असेल तर आपली रणजी स्पर्धा पाहा. तीही एक खालची पायरीच. मुलगा चमकला की भारतीय संघात जातो आणि राज्याच्या प्रशिक्षकाला उरलेल्यांवर भागवावे लागते.

जून 2022 मध्ये बंगलोरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मुंबई आणि मध्य प्रदेश यांच्यात रणजीचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशचे आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर त्याच महिन्यात भारताच्या टी-ट्वेंटी संघात होते. तरीही मध्य प्रदेशने सहा गडी राखून सामना जिंकला आणि प्रथमच रणजी करंडक मिळवला. त्यांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. याच मैदानावर 1999 साली अंतिम सामन्यात पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार होते, आणि पहिल्या डावाची आघाडी मिळूनही कर्नाटकाकडून हरले होते. तेवीस वर्षांनी तो हिशेब चुकता झाला. त्याआधी त्यांनी विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 असा दोनदा रणजी करंडक मिळवून दिला होता. तोवर विदर्भाला कोणी खिजगणतीत धरीत नव्हते.

त्या सामन्यात हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने 664 धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी कधी मिळाली नाही. तेच मुझुमदार ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नव्या मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला. 2022 चा पराभव पाहून 'या माणसाला प्रशिक्षण जमत नाही' असा शिक्का मारणारा किती चुकला असता!

गंमत म्हणजे पंडित आणि मुझुमदार दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. शिवाजी पार्कवर मुले घडवायची आणि ती मोठी झाली की पुन्हा नव्यांना बॅट धरायला शिकवायचे, हाच त्यांचा आयुष्याचा क्रम. 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि 2010 साली पद्मश्री मिळाली. ती सरांनी किती शालेय करंडक जिंकले हे मोजून नव्हे, कोण कोण वर गेले हे पाहून.

यावर कोणी विचारील, मग हरणाऱ्या प्रशिक्षकाला कधी काढूच नये की काय? तसे नाही. जो वेळेवर येत नाही, आपल्या-परक्यात भेद करतो, मुलांचा पाणउतारा करतो, त्याला जिंकत असला तरी काढावे. शिस्तीच्या अतिरेकाबद्दलही बोलावे. पंडितांची शिस्त कोलकात्याच्या आयपीएल संघातल्या परदेशी खेळाडूंना जाचक वाटली, असे छापूनही आले होते. पण निकालाचे माप किती फसवे असते तेही तिथेच दिसले. 2024 साली तो संघ आयपीएल जिंकला तेव्हा बहुतेक टाळ्या मार्गदर्शक गौतम गंभीर यांना मिळाल्या. 2025 मध्ये संघ आठवा आला आणि पंडितांचे पद गेले.

आपल्या बेटावरचेच पाहा. जानेवारी 2025 मध्ये कुवेतला ओमानचा 2-1 असा पराभव करून बहारीनने गल्फ कप जिंकला. तेव्हाचे प्रशिक्षक द्रागान तालायिच यांचे नाव घरोघर झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या मुलांना लहानपणी मुहर्रक-रिफ्याच्या मैदानांवर चेंडू अडवायला ज्यांनी शिकवले, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

आपली मुले तर इथून वर जाण्यासाठीच खेळतात. पुणे, मुंबई, कोणी विलायत. इथला प्रशिक्षक कायमच खालच्या पायरीवरचा. त्याच्याकडे 'पी हळद अन् हो गोरी' असा हिशेब चालणार नाही. माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. निदान दोन पूर्ण मोसम त्याला हात लावू नये. त्याच्या हाताखालून गेलेली मुले कुठे खेळतात याची एक वही ठेवावी आणि त्याचे मूल्यमापन त्या वहीवरून करावे. आणि तो फुकट शिकवीत असेल तर निदान येण्याजाण्याचा खर्च द्यावा. गणेशोत्सवात देणगीदारांना शाल-श्रीफळ देतो, त्यात एक शाल त्याचीही असावी.

ते गृहस्थ अजून इथेच आहेत. संध्याकाळी आता ते घरीच असतात. येत्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे, सभेत बोललो नाही याची माफी मागायला. त्या सभेतले आणखी कोणी बरोबर येणार असतील तर फार बरे होईल.