यंत्र आले, शिस्त केव्हा?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा सरकारी कचेऱ्यांत संगणक नुकताच पाऊल टाकीत होता. आज या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, रोजगार हमीची हजेरी, आधारभूत किमतीच्या धानखरेदीची नोंदणी, यांपैकी एकही काम संगणकावाचून पुरे होत नाही. हे परिवर्तन इष्टच होय. त्यामुळे लोकांचे हेलपाटे काही अंशी वाचले, हे मान्य करावयास आम्ही कचरत नाही. परंतु ज्या यंत्रावर सारा कारभार उभा राहिला ते यंत्र घ्यावे कसे, वापरावे कसे आणि निकामी झाल्यावर त्याची विल्हेवाट कशी लावावी, याचे शिक्षण कर्मचाऱ्यास देणे हेही शासनाचे कर्तव्य आहे, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली दिसत नाही.

शासनाला शिकविता येत नाही, असे मात्र नव्हे. २००१ नंतर राज्याच्या सेवकवर्गाला एम.एस.-सी.आय.टी. किंवा तत्सम परीक्षा आवश्यक करण्यात आली, आणि मुदतीत ती उत्तीर्ण न होणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्यापर्यंत मजल गेली. त्या सक्तीविषयी त्या वेळी पुष्कळ कुरकुर झाली. तरीही पन्नाशीतले कारकूनही कळफलकावर बसले, हे आपण पाहिले आहे. मनावर घेतले तर हे राज्य लाखो प्रौढांना एक नवी विद्या शिकवू शकते. प्रश्न मनावर घेण्याचाच आहे.

कोणत्याही सरकारी कचेरीच्या जिन्याखाली किंवा अडगळीच्या खोलीत डोकावून पाहावे. फुगीर काचेचे जुने पडदे, मोडके मुद्रणयंत्र, फुगलेल्या बॅटऱ्या आणि तारांचे जुडगे तेथे धूळ खात पडलेले असतात. जडसंग्रह नोंदवहीत त्यांची नोंद असते, म्हणून त्यांना हात लावण्यास कोणी धजत नाही. मग एके दिवशी साफसफाईचा हुकूम सुटतो. २०२५ च्या आरंभी राज्य शासनाने शंभर दिवसांचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्यात कार्यालयांची स्वच्छता हे एक कलम होतेच. अशा वेळी निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो, लिलाव पुकारला जातो, आणि सर्वांत चढी बोली बोलणारा माल उचलून नेतो. हिशेब चोख राहतो, खोली मोकळी होते, आणि सर्वांना कर्तव्य पार पडल्याचे समाधान लाभते.

खरे अनिष्ट येथूनच सुरू होते. जुन्या पडद्याच्या काचेत शिसे असते. त्यानंतरच्या कित्येक सपाट पडद्यांतील दिव्यांत पारा असतो. तारांवरचे प्लास्टिक उघड्यावर जाळून तांबे काढले की डायॉक्सिनसारखी विषे हवेत मिसळतात. आणि पट्टिका अम्लात बुडवून सोने काढले की उरलेले अम्ल जवळच्या नाल्यात जाते. हे सर्व करणाऱ्यास धुराडे बांधावे लागत नाही, सांडपाणी शुद्ध करावे लागत नाही, मजुराच्या हातात मोजे द्यावे लागत नाहीत. म्हणूनच त्याला चढी बोली परवडते. नियम पाळणारा पुनर्चक्रणकार त्या बोलीपुढे टिकत नाही. सरकारी तिजोरीचे हित पाहणारी लिलावाची शिस्तच अशा रीतीने विषारी धंद्याला माल पुरविते. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्या कचऱ्याची कथा ठिकठिकाणच्या अशा व्यवहारांतूनच घडत असते.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. २०१६ च्या नियमांत केंद्र व राज्य सरकारची खाती, बँका आणि शिक्षणसंस्था यांना मोठे ग्राहक म्हणून नावानिशी उल्लेखिले होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकावरची जबाबदारी वाढविली आणि यादीतील वस्तूंची संख्या २१ वरून १०६ वर नेली. हे स्वागतार्ह आहे. परंतु मोठा ग्राहक कोण, तर ज्याने आर्थिक वर्षात निदान एक हजार नग वापरले तो, अशी नवी व्याख्या झाली. अर्जुनी-मोरगावच्या तहसील कचेरीत किंवा सडक-अर्जुनीच्या पंचायत समितीत एक हजार नग कोठून असणार? महानगरातील कंपनी या जाळ्यात सापडते. लहान लहान कचेऱ्यांत विखुरलेला जिल्हा त्यातून निसटतो. बॅटऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२२ च्या बॅटरी नियमांनुसार निकामी बॅटरी वेगळी ठेवून योग्य हाती पोचविण्याची जबाबदारी प्रत्येक ग्राहकावर आहे. मात्र कपाटामागच्या यू.पी.एस.ची बॅटरी बदलणाऱ्या शिपायाला ही गोष्ट कोणी सांगितलेली असते का?

या शिक्षणाची निकड आणखी एका कारणाने वाढली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल तिच्या निर्मात्या कंपनीने थांबविली, आणि पुष्कळशी चालती-बोलती यंत्रे पुढची प्रणाली स्वीकारू शकत नाहीत. ती सारी आता भंगारात काढावयाची काय? केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे काम चालवून दाखविले आहे. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची तशी प्रणाली तयार केली आहे. जेथे काम तिच्यावर भागते तेथे यंत्राचे आयुष्य आणखी काही वर्षे वाढविता येते. यंत्र घडविण्यातच पुष्कळ ऊर्जा आणि खनिजे खर्ची पडतात, म्हणून चालते यंत्र टिकविणे हीच पहिली काटकसर होय.

दुसरी काटकसर विजेची. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅट क्षमतेचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभे आहे; वीज कशापासून होते हे गोंदियाच्या माणसाला सांगावयास नको. एखादा संगणक सायंकाळी बंद न करता तसाच सोडला आणि तो ५० वॅट वीज ओढीत राहिला, असे धरू. सायंकाळी सहापासून सकाळी दहापर्यंतच्या सोळा तासांत पाऊण युनिटाहून अधिक वीज जाते. वर्षाच्या २५० रात्री आणि असे १०० संगणक धरले तर हा आकडा २०,००० युनिटांवर जातो. एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. म्हणजे केवळ कळ न दाबल्यामुळे वर्षाकाठी दहा टनांवर कोळसा व्यर्थ जाळावा लागतो.

या जिल्ह्यापुढे धानाच्या भावाचे आणि तरुणांच्या रोजगाराचे प्रश्न असताना ही चैन कशाला, असा आक्षेप येईल. आम्हांस तो पटत नाही. पूर्वजांनी बांधलेल्या तलावांवर या मुलखाची धानशेती उभी राहिली, आणि महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यत्वे येथील पाणथळींच्या आणि बांध्यांच्या आश्रयाने. शिसे एकदा माती-पाण्यात शिरले की ते नाहीसे होत नाही, आणि त्याची पहिली झळ लागते ती लहान मुलांना. भंगार फोडणारे कुटुंब काही सधन वस्तीत राहत नाही. तेव्हा हा प्रश्न चैनीचा नसून गरिबाच्या आरोग्याचा आहे.

मग करावे काय? नागपुरात 'वनामती'सारखी प्रशिक्षणसंस्था हाताशी आहे. तेथे प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन जाणत्या कर्मचाऱ्यांना तयार करावे आणि त्यांनी आपापल्या कचेरीत इतरांना शिकवावे. हे शिक्षण भाषणांचे नसावे. उपस्थितीचे प्रमाणपत्र म्हणजे विद्या नव्हे, हे ज्याने फळ्यासमोर चार वर्षे काढली त्याला ठाऊक असते. खरेदी करणाऱ्या लिपिकाला विजेची बचत आणि दुरुस्तीची सोय पाहून निविदा लिहावयास शिकवावे. भांडारपालाला निर्लेखनाची नवी रीत शिकवावी. शिपाई आणि सफाई कामगार यांना तर सर्वांआधी बोलवावे, कारण फुटकी काच आणि गळकी बॅटरी त्यांच्याच हाताला लागते. जुन्या तबकडीत हजारो अर्जदारांची कागदपत्रे असतात. ती पुसल्यावाचून यंत्र बाहेर जाता कामा नये, हाही त्याच पाठाचा भाग आहे.

शिक्षणाला व्यवस्थेची जोड मात्र हवी; नाही तर शिकलेला कर्मचारी हताश होतो. एकेका कचेरीचा कचरा थोडा, म्हणून नेणारा येत नाही. यासाठी जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस, महाविद्यालये आणि बँका यांनी वर्षातून एकदा आपला माल एकत्र करावा, आणि लिलावात नोंदणीकृत पुनर्चक्रणकारासच बोली बोलू द्यावी. तिजोरीत चार रुपये कमी येतील. ते तोट्यात धरू नयेत.

आम्ही जिल्हा प्रशासनाकडे एवढीच मागणी करतो की, येत्या आर्थिक वर्षाच्या प्रशिक्षण आराखड्यात हा विषय घालावा आणि वर्षअखेरीस किती यंत्रे दुरुस्त झाली, किती नोंदणीकृत हाती गेली आणि विजेचे देयक किती उतरले, हे तीन आकडे लोकांपुढे ठेवावेत. जनतेला हिशेब विचारता येईल असे शिक्षण आपोआपच प्रामाणिक होते.