आरडीचा नाद

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लाल रंग, दोनच दरवाजे, जमिनीला टेकलेलं पोट आणि एवढीशी डिकी, जिच्यात लॅपटॉपची बॅग ठेवली की डबा मांडीवर घ्यायचा. आपल्यातले काही जण ईएमआयचे मेसेज वाचता वाचता हे स्वप्न अजून बघतात. आपल्या आईबाबांच्या पिढीला ते बघायचीही सोय नव्हती. तेव्हा गाडी म्हणजे फियाट, अ‍ॅम्बॅसेडर, फार तर स्टँडर्ड हेराल्ड, आणि तीही नंबर लागला तर. छप्पर उघडणारी, दोन सीटची, आपल्याकडची सॅन स्टॉर्म यायला नव्वदीचं दशक संपत आलं होतं. फायबरची बॉडी, रेनॉंचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. ती कितींनी रस्त्यावर धावताना पाहिलीय, हात वर करा. बघा!

मग त्या पिढीतल्या वेगवेड्यांनी केलं काय? माझं उत्तर पक्कं आहे. त्यांनी राजदूत ३५० घेतली. चाकं दोन कमी, बाकी स्पोर्ट्स कारचे सगळे अवगुण अंगी.

राजदूत म्हटल्यावर तुम्हाला दुधाचे कॅन लटकवलेली १७५ आठवली असेल, तर ती विसरा. ही वेगळी. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आपल्याकडे बनवायला घेतली, तीच ही. मूळ जपानी गाडी १९७३ची. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर. यामाहाची ट्रॅकवर पळणारी टीझेड ३५० त्याच वर्षीची आणि त्याच घरातली. मूळ आरडीची ताकद होती ३९ हॉर्सपॉवर. आपल्याकडे येताना ती साडेतीसवर आली, आणि पुढे मायलेजची बोंब झाल्यावर २७ वर. पहिलीला ‘हाय टॉर्क’ म्हणायचं, दुसरीला ‘लो टॉर्क’. आजही दोन आरडीवाले भेटले की नाव-गाव नंतर, आधी प्रश्न, ‘एचटी का एलटी?’ म्हणजे लग्नाच्या स्थळात गोत्र विचारतात तसं.

आणखी एक काटछाट झाली, आणि ती जास्त महागात पडली. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे त्या जागी ड्रम आला. सायकल आणि लूनावर हात बसलेली पोरं साडेतीन सेकंदांत अंगावर येणाऱ्या वळणाला त्या ड्रमच्या भरवशावर सामोरी जायची. आरडी म्हणजे ‘रॅपिड डेथ’ हे नाव कोणा जाहिरातवाल्याने ठेवलेलं नाही, गल्लीतल्या लोकांनी ठेवलंय. आज जुन्या आरडीवर गळा काढून लिहिणारे हा भाग गाळतात. मला ते पटत नाही.

त्यातच १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली, लीटरला ८० किलोमीटरचं गाजर घेऊन. संपलं. आपला देश मायलेजवाल्यांचा आहे, भाऊ. त्याच वर्षी यामाहाचीच आरएक्स १०० आली, हलकी, स्वस्त आणि चपळ. बाकी कसर तिने भरून काढली. नव्वदीच्या उंबरठ्यावर राजदूत ३५० बंद पडली, आणि पुढची काही वर्षं ती कोणी फुकट दिली तरी घरचे घेऊ देत नव्हते.

माझ्या मामांनी ती तेव्हाच घेतली.

मामा राहतात गोरेगावला. मुंबईच्या नव्हे, तिथे लोकल जात नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी सीएसएमटीहून निघा, दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरा, तिथून पुढे रस्त्याने धानाच्या बांध्या बघत जा. १९९१ मध्ये तिथल्या एका राईस मिलवाल्याच्या मुलाला मारुती मिळाली आणि त्याची १९८६ची एलटी कोंड्याच्या पोत्यांमागे उभी राहिली. मामांनी तीन महिन्यांच्या पगारात ती सोडवली. हो, ‘सोडवली’ हाच शब्द ते वापरतात, पोलीस ठाण्यातून सोडवतात तसा. तेव्हा गोंदिया जिल्हासुद्धा नव्हता, तो १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे सगळ्या गावाच्या गाड्यांवर एमएच ३५ आणि मामांच्या गाडीवर जुना तीन अक्षरी नंबर. हा माज त्यांना इंजिनापेक्षा जास्त आहे असा मामींचा दावा आहे.

आनंद म्हणाल तर सकाळी साडेसहाचा. किक मारली की आधी एक सिलिंडर बोलतो, मग दुसरा, आणि मग दोघं भांडायला लागतात. निळा धूर, जळक्या टूटी ऑइलचा वास. ज्यांचं लहानपण चेतकवर पुढे उभं राहून गेलंय त्यांना हा वास थेट शाळेच्या गेटपाशी नेऊन सोडेल. चार हजार आरपीएमपर्यंत गाडी एकदम सभ्य, सरकारी नोकरीत असल्यासारखी. काटा पाच हजारांच्या पुढे गेला की मागून कोणीतरी कंबरेत धक्का दिल्यासारखं होतं आणि टाकीवरचे हात आपोआप घट्ट होतात. आजच्या २५० सीसीच्या बाइक तिला कागदावर सहज मागे टाकतात. कागदावर. त्या बाइकवर ताकद हळूहळू पगारवाढीसारखी येते, हिच्यावर लॉटरीसारखी.

आणि नाद? त्याचा हिशेब मामींकडे आहे. अक्षरशः. दुधाच्या वहीतच एक रकाना, टूटी ऑइल, प्लग, केबल. प्लग दोन, कार्ब्युरेटर दोन, कॉन्टॅक्ट पॉइंट दोन. एकाचं बरं असलं तर दुसऱ्याचं डोकं दुखतं, आणि दोघांचा सूर जुळवायला मामा रविवारचा अख्खा पेपर अंथरून छपरीत बसतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून काम वाढलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्ब्युरेटरच्या वाटीत गंज धरतो. म्हणून मामा गाडी ठेवायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतात. तांदळापासूनही इथेनॉल बनतं हे मी त्यांना सांगितलं, तर धानाच्या जिल्ह्यातला तो माणूस दोन मिनिटं गप्पच बसला. ‘म्हणजे आपलाच भात आपल्याच गाडीले पचत नाही?’

पण या गाडीचं खरं दुखणं ऑइल सीलचं आहे, आणि हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँककेस हवाबंद लागते. ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या टोकांवरची रबराची सीलं. गाडी चालत राहिली तर ती ऑइलने ओली राहतात. उभी राहिली तर सुकतात, कडक होतात, चिरतात. मग एका बाजूने जास्तीची हवा आत शिरते, इंजिन तापतं आणि भर वेगात पिस्टन जागीच धरून बसतो. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळायला लागतं. थोडक्यात, ही गाडी चालवून जेवढी झिजते त्याहून जास्त ती न चालवता मरते.

आता या गोष्टीत तुमच्या-माझ्यासारखा एक जण येतो. पुण्याचा, तिशीतला, चांगल्या पॅकेजवाला. धोनीपासून सगळ्यांच्या गॅरेजमध्ये आरडी असल्याचं आपण वाचतोच, भाव आता लाखांत गेलेत, आणि शहरातली मंडळी लहान गावांच्या छपऱ्या धुंडाळत फिरतात. या पठ्ठ्याने कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोत मागे उभी असलेली मामांची गाडी हेरली आणि फोन लावला. आकडा सांगितला तेव्हा फोन स्पीकरवर होता. मामींच्या हातातलं लाटणं थांबलं.

मामींचं काही चुकत नव्हतं. घराची कौलं काढून स्लॅब टाकायचं चार पावसाळ्यांपासून ठरत होतं. ‘वरून घर गळते, खालून गाडी गळते, मी कुठं कुठं बादली ठेवू?’ असा त्यांचा सवाल होता, आणि मामांच्या रिटायरमेंटच्या पैशांत दोन्हींचं औषध बसत नव्हतं.

मामांनी एकच विचारलं, ‘नेऊन का करशील?’ तो प्रामाणिक निघाला. रिस्टोर करणार, मूळ रंग, नवं क्रोम, आणि मग फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी करणार. ऑइल काढून, कारण नवी टाइल्स आहे.

‘मग फोटो काढून ने बा. फोटो फुकट आहे.’

तरी तो आला. डिसेंबरात, दोन दिवसांची रजा टाकून. मामांनी अट घातली, आधी माझ्यासोबत नवेगाव बांधला जाऊन यायचं, मग भावाचं बोलू. आरडीवर तो, पुढे मामा माझ्या मामेभावाच्या १२५ वर. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे निघालं की मुरदोलीचं जंगल लागतं. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सागवान, आणि आरडीवाल्याच्या मनगटाला खाज सुटावी अशी सरळ रेघ. मामा तिथे काटा ४० च्या वर जाऊ देत नाहीत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला, त्याची जनावरं याच रस्त्यावरून इकडची तिकडे जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये याच मुरदोलीजवळ एका कारच्या धडकेत वाघ जखमी झाला आणि मेला. लंगडत झाडीत शिरणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. आरडी चालवणाऱ्याला आपला ब्रेक किती उशिरा लागतो हे पाठ असतं. म्हणून जंगलात सगळ्यात हळू चालणारी गाडी बहुधा तीच असते, हा माझा अनुभव आहे. चाळीस लाखांची एसयूव्ही तिला हॉर्न मारत पुढे जाते.

कोहमाऱ्याला हायवे ओलांडून पुढे मोकळा रस्ता आला तेव्हा मामांनी हाताने खूण केली, जा. त्याने काटा वर नेला. नंतर नवेगावच्या तलावापाशी हेल्मेट काढून तो बराच वेळ नुसताच उभा होता. त्याचे हात थरथरत होते असं मामा सांगतात. मामा थोडं वाढवून सांगतात, पण हे खरं असावं.

संध्याकाळी जेवताना त्याने आकडा वाढवला. मामींनी माझ्या मामांकडे बघितलं. मामांनी भाजी वाढली.

दरम्यान सरकारनेही जुन्या गाडीवाल्यांची परीक्षा बघायचं ठरवलंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून एप्रिल २०२२ पासून १,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,०००. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ची वेगळी नोंदणी मिळते, तिची फी २०,०००. पुणेकराने हे मोठ्या उत्साहाने सांगितलं, मामांची गाडी २०३६ मध्ये त्यात बसेल. पण व्हिंटेज झाली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनं आणि रॅलीपुरतीच. मामांनी भातावर वरण घेतलं. ‘म्हणजे तेव्हाही उभीच ठेवाची. काहून बा?’

सौदा झाला नाही. स्लॅब अजून पडलेला नाही, आणि यंदाच्या पावसाळ्यात मामींनी बादलीचा विषय काढला की मामा शेताकडे निघून जायचे. मी मामींच्या बाजूने आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून सध्या माझ्याशी बोलणं जरा कमी आहे.

पुणेकराने शेवटी दुसरीकडून एक एचटी मिळवली. टीव्हीशेजारी नाही ठेवली. दर रविवारी सकाळी तो मामांना फोन लावतो आणि मोबाईल सायलेन्सरपाशी धरतो. मामा चहाचा कप खाली ठेवून, डोळे मिटून ऐकतात. गेल्या खेपेला निदान झालं, डावीकडचा कार्ब्युरेटर उघड, वाटीत पाणी असेल. आणि रात्री कॉक बंद करत जा बे, किती वेळा सांगू.