सात म्हणजे सात

खोपटच्या एस.टी. स्टँडपासून चार पावलांवर आमची सोसायटी. गाड्या उभ्या करून जी जागा उरते, ती मुलांची. गेल्या मे महिन्यात माझा सहा वर्षांचा नातू तिथे गोल्फ खेळू लागला. वाढदिवसाला आलेली प्लॅस्टिकची काठी, तसलाच पोकळ चेंडू आणि आडवा ठेवलेला स्टीलचा पेला, एवढेच साहित्य. खऱ्या मैदानातील भोक १०८ मिलिमीटर रुंद असते. आमचा पेला त्याहून लहान, म्हणजे आमचा खेळ अधिक कठीण!

मला आधी हसूच आले. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ, ही आमच्या पिढीची समजूत. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. चेंबूरला कितीदा जाऊनही तिथे डोकवावे असे कधी मनात आले नाही. आम्ही विटीदांडू खेळलो. दांड्याने अंतर मोजायचे आणि मापावरून भांडायचे, यात दुपार संपायची.

या खेळात मात्र भांडायला पंच जवळ नसतो. बरोबरचा खेळाडू आकडे टिपतो खरा, पण आपले फटके आपणच मोजायचे. अमेरिकेच्या बॉबी जोन्सने १९२५ च्या यूएस ओपनमध्ये आपला चेंडू किंचित हलला, असे सांगून स्वतःवरच एक फटका लावून घेतला. इतर कुणी तो हलताना पाहिला नव्हता. पुढे बरोबरी झाली आणि निर्णायक लढतीत तो हरला.

हे मला ठाऊक होते. तरीही शेजाऱ्यांनी "किती फटके लागले?" असे विचारताच मी कौतुकाने "पाच" म्हणून मोकळा झालो.

"आजोबा, सात. दोन स्कूटरला लागून परत आले, ते तुम्ही सोडलेत."

शेजारी हसले. मी चपलेकडे पाहत राहिलो.

आता त्याच्या बाबांनी मनावर घेतले आहे. खारघरला सिडकोने उभारलेले मैदान आहे, तिथे चौकशी झाली. आदिती अशोक २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तिनेही सहाव्या वर्षाच्या आतच सुरुवात केली, हा त्यांचा दाखला. दाखला खरा आहे. पण तिचे आई-वडील मुळात गोल्फ खेळणारे नव्हते. बंगळूरमध्ये सराव चाललेला पाहून कुतूहल वाटले ते त्या मुलीला. आमच्या घरी पोराआधी बापालाच घाई झाली आहे.

मोठ्यांची काठी कापून लहान केली, तरी मुलाला ती जडच पडते. त्याच्या उंचीची, हलकी काठी हवी. सुरुवातही लांब फटक्याने नको, भोकाजवळच्या दोन-तीन हातांवरून करावी. चेंडू आत पडण्याचा आनंद मुलाला लगेच मिळतो. अर्ध्या तासात कंटाळला, तर सोडून द्यावे. खरा चेंडू सोसायटीत मुळीच नको. जेमतेम ४६ ग्रॅमचा असला, तरी दगडासारखा टणक. काच जाईल, नाहीतर डोळा. एकाने काठी उचलली की बाकीच्यांनी मागे सरावे, हे पहिल्याच दिवशी पक्के करावे.

मुलाला मी एवढेच म्हटले, "शिकव रे त्याला. फक्त किती फटके लागले, ते तू विचारू नकोस. तो सांगेल."

काल संध्याकाळी पेला पार कोपऱ्यात, दोन स्कूटरच्या मधे ठेवला होता. मला नऊ लागले. मी काही बोललो नाही. त्याने वहीत नऊच लिहिले.