कायदेभंगाच्या गावात जनसुरक्षा

"तुम्ही काय नक्षली आहात का? मग घाबरता कशाला?" नवी पेठेत दुकानात बसलं की जनसुरक्षा विधेयकावर हेच ऐकतो. अहो, एकदा वाचा तरी! प्रस्थापित कायदा मोडायला सांगणं, हेही त्यात 'बेकायदेशीर कृत्य'. तसं करणारी संघटना सरकार बेकायदेशीर ठरवणार, आणि तिच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद, तीही अजामीनपात्र.

मग १९३० साली आपल्या गावानं काय केलं होतं? कायदेभंगच की! मे महिन्यात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, नुसता तिरंगा हातात धरला तरी तुरुंग. पुढं १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन फासावर गेले.

विधेयकावर बारा हजारांवर सूचना आल्या, व्याख्या मात्र तशीच. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानानं मंजूर. ठाम विरोध एकट्या माकपच्या विनोद निकोलेंचा. बाकी विरोधक (ज्यांना मी मत दिलं तेसुद्धा) दुसऱ्या दिवशी परिषदेत सभात्याग करून मोकळे.

येत्या १२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्याला हार घालायला आमदार येतीलच. मी तिथं असणार. साहेब, ती व्याख्या वाचून 'होय' म्हणालात, का न वाचता?