दारू पहिली, गांजा मागे

२०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २० नशांना घातकपणाचे गुण दिले. दारू ७२, हेरॉइन ५५, गांजा २०. दारूच्या गुणांत पिणाऱ्याच्या यकृताबरोबर घरच्यांचे हालही मोजले होते. पण म्हणून गांजा निरुपद्रवी ठरत नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला भास, संशय, भ्रम जडण्याचा धोका वाढतो. माल कडक असेल तर आणखीच. विषारी हातभट्टी मात्र थेट जीव घेते. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत तिने शंभरावर माणसं गेली. आपल्याकडे महाराष्ट्रात दारूचा परवाना मिळतो तोही, कागदोपत्री, प्रकृती सांभाळण्यासाठी! गांजा ओढला तर १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने तुरुंगही होऊ शकतो. त्याच झाडाच्या नुसत्या पानांची भांग मात्र या कायद्यातून अलगद सुटली आहे.